सुगतभाऊंचा स्क्रीन

"कोनीतरी हात लावून राह्यलं माह्या मशीनले," सुगतभाऊ टेबलावर बोटं आपटत म्हणाले. "मी नाव घेत नाई. पण मले मालूम हाये."

नाव घेत नाही म्हणाले, तरी तोंड शेजारच्या विपुलच्या खुर्चीकडे होतं. विपुल चहा आणायला गेला होता.

नांदगाव पेठेच्या या कापड कारखान्यात मी काँप्युटर दुरुस्तीसाठी अमरावतीहून चौथ्यांदा आले होते. सुगतभाऊंना जन्मापासून दिसत नाही. मालाची चलानं ते हेडफोन लावून तयार करतात. काँप्युटर बोलतो, ते ऐकतात आणि टाइप करतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मीच टाकलं, कारण त्यातला वाचून दाखवणारा आवाज फुकट मिळतो. आता तेच मशीन आठवड्यातून दोनदा मुकं व्हायचं, तेही नेमकं गाडी भरायच्या दिवशी. साहेबांनी त्यांना बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर टेलिफोनवर बसा.

"अकरा वर्षांत माहं एक चलान वापस नाई आलं, ताई. अन् आता फोन उचलू?"

माझा स्वभाव संशयी आहे. 'मी काही केलं नाही, आपोआप झालं' हे रोज ऐकणाऱ्या बाईचा दुसरा कसा असणार? पहिल्या तीन खेपांना मी सुगतभाऊंवरच संशय घेतला होता. आज मशीनमधली नोंद उघडली. प्रत्येक मुक्या दिवशी मशीन आठ पंचवीसला सुरू झालेलं. सुगतभाऊ पोचतात नऊला.

"भाऊ, तुमी स्क्रीन लावता का कधी?"

"मले काय करायचा तो?"

खरंच की! आणि तो स्क्रीन माझ्यासमोर ढळढळीत चालू होता. आम्हा दिसणाऱ्यांना चालू स्क्रीन खटकतच नाही.

मग सगळं उलगडलं. मशीनमध्ये दोन साउंड कार्डं होती, एक हेडफोनचं, दुसरं स्क्रीनचं. आवाज पहिल्या नंबरच्या कार्डाकडे जावा, असं मी सांगून ठेवलं होतं. स्क्रीन बंद असला की पहिला नंबर हेडफोनचा. चालू असला की स्क्रीनचं कार्ड रांगेत पुढे घुसायचं, आवाज तिकडे जायचा, आणि त्या स्क्रीनला स्पीकरच नव्हता. कार्ड नंबरानं नाही, नावानं ओळखायला शिकवायला हवं होतं. चूक माझी होती. पण बटण मी दाबलं नव्हतं.

"म्हंजे डोळेवाल्यानं लावला," सुगतभाऊ सावकाश म्हणाले.

विपुल चहा घेऊन आला.

"विपुल, सकाळी माह्या मशीनवर काय करतं तू?"

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. विपुलचा चेहरा उतरला. मीही काही कमी नव्हते, म्हटलं, "आठ पंचवीसला तूच येतो ना?"

"दादा, बाहेर सांगतो."

"इथंच सांग."

विपुलनं कप खाली ठेवले. "चलानाच्या कागदावर रकाने आधीच छापलेले हाये ना, दादा. वजनाचा आकडा कधीमधी रकान्याबाहेर जाते. मंग गाडी अडकते. तुमी आदल्या दिवशी करून ठेवलेलं चलान मी सकाळी उघडतो, आकडा थोडा सरकवतो, बाकी काई नाई. मशीन चालूच ठेवतो, तुमाले आल्यावर बरं पडते म्हनून."

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाले, हा नवा कागद आला तवापासून."

आवाज सुगतभाऊंना आकडा वाचून दाखवायचा, तो कागदावर कुठे पडला हे नाही. ती नोंद मी उघडली नसती तर बरं झालं असतं, असं मला फार वाटलं. खाली मान घालून मी दोन्ही कार्डांची नावं लिहिली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

"आता स्क्रीन लावा नाही तर नका लावू, भाऊ. आवाज हेडफोनातच येईल."

त्यांनी हात पुढे केला. स्क्रीनची कड चाचपली, बटण शोधलं, दाबलं.

"लागला का?"

"विझला, दादा," विपुल हळूच म्हणाला.

त्यांनी पुन्हा दाबलं. "आता?"

"लागला."

"मंग खुर्ची इकडे घे. आजचं चलान माह्यासमोर तपास. हात तू लावू नको. मले सांग, मी सरकवतो."

विपुलनं खुर्ची ओढली. सुगतभाऊंनी त्याच्या बाजूचा कान हेडफोनमधून मोकळा केला.

"दोन घरं डावीकडे, दादा."

त्यांनी कळ दोनदा दाबली.