उलट्या पुठ्ठ्याची कादंबरी

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे आणि मी उलटी आहे. हसायचं तर आत्ताच हसून घ्या, मध्येमध्ये दात काढलेले मला खपत नाहीत. माझ्या पोटात दोनशे बारा पानं आहेत, पण मला वाचता येत नाही. पुस्तकाला कुठं स्वतःचं पान दिसतं? लोक मला मोठ्यानं वाचतात, तेवढंच माझं शिक्षण.

नाशकातल्या एका लहान छापखान्यात आम्ही पाचशे बहिणी जन्मलो. दिसायला देखण्या, म्हणून लग्नाकार्यात भेट दिल्या गेलो आणि शोकेसमध्ये बशांशेजारी उभ्या राहिलो. माझ्या घरच्यांनी मला एकदाही उघडलं नाही. पुढं फ्लॅट घेतला, त्यात टीव्हीला भिंत पुरेना, तेव्हा मी रद्दीत गेले. नाशकातल्याच द्वारका चौकात एका भेळवाल्यानं माझा पुठ्ठा ओरबाडून काढला आणि पहिल्या पानाला हात घातला. समोर जमील बाइंडर उभा होता.

"भेळ राहू दे," तो म्हणाला, "कागद दे."

जमील मालेगावात उर्दू किताबा बांधायला शिकलेला. नाशकात दुकान टाकून आठच दिवस झाले होते. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, पण हात असा, की टाका मोजून घ्यावा. त्यानं मला शिवलं, जाड पुठ्ठे चढवले, जुन्या पुठ्ठ्यावरून कापून आणलेली माझ्या नावाची चिठ्ठी डिंकानं चिकटवली आणि मोठ्या अभिमानानं बायकोपुढं धरलं. रेहाना मराठी शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. तिनं नावाचा पुठ्ठा उघडला, तर समोर शेवटचं पान.

"अहो, नाव मागं लावलंत."

"किताब तो इधर से ही खुलती है."

"तुमच्या मालेगावात. उर्दू उजवीकडून वाचतात, मराठी डावीकडून."

तो चिठ्ठी सोलायला लागला, तर तिनं त्याचा हात धरला. "राहू द्या. वाळलीय. ओढलीत तर पुठ्ठा सोलून निघेल."

मी उलटी राहिले ती अशी. रद्दीतून वाचवलेली आम्ही तीस-चाळीस पुस्तकं रेहानानं दुकानातल्या फळीवर मांडली आणि गल्लीतल्या बायकांना पंधरा-पंधरा दिवसांसाठी द्यायला लागली. मला जी नेई, ती आधी शेवटचं पान वाची. त्यातलं शेवटचं वाक्य असं: 'आणि तिनं दाराला कडी घातली नाही.' देवळालीहून येणाऱ्या वत्सलाबाईंनी त्याशेजारी पेन्सिलीनं लिहिलं, 'का नाही घातली?' खाली दुसऱ्या कुणी लिहिलं, 'आधी वाचा, मग विचारा.' महिन्यानं वत्सलाबाईंचंच अक्षर: 'वाचलं. मीपण नसती घातली.' बत्तीस वर्षांत त्या पानाची चारही बाजूंची मोकळी जागा भांडणांनी भरून गेली.

जमील गेला, त्याला आता चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात संतोष नावाचा संग्राहक दुकानात आला. पांढरे हातमोजे घालून मला त्यानं असं उचललं, जशी मी आजारीच आहे.

"चाची, ही पहिली आवृत्ती. दुसरी प्रत कुठं मिळत नाही. मला द्या. बांधणी सोडवून, कडा कापून सरळ करून घेतो. काचेच्या कपाटात ठेवीन, कुलपात."

कडा कापल्या की वत्सलाबाई गेल्या, सगळं भांडण गेलं. पण रेहाना जागची हलली नाही.

"सरळ बांधलेल्या पाचशे होत्या ना, भाऊ? कुठायत त्या?"

तो हातमोज्याची बोटं ओढत राहिला.

"आमच्या ह्यांनी उलटी बांधली म्हणून कुणी घरी ठेवून घेतली नाही. जिथं गेली तिथून परत आली. सरळ करायची म्हणे."

"मग मला वाचायला तरी मिळेल?"

"सभासद व्हा. पंधरा दिवस."

मित्रांनो, त्याच्या घरी मी ते कपाट पाहिलं. आत बाराशे पुस्तकं, एकाच्याही पानाला बोट लागलेलं नाही. कातडी बांधणी, सोन्याची अक्षरं, आणि तोंडाला कुलूप. एका सकाळी त्यानं टेबलावर पातं ठेवलं आणि माझा नावाचा पुठ्ठा उघडला. पातं टाक्याला लागलं. तेवढ्यात त्याची नजर पेन्सिलीच्या ओळींवर गेली. एक ओळ वाचली, मग दुसरी, मग मला फिरवून त्यानं पहिलं पान काढलं. दुपारचं जेवणसुद्धा माझ्यावर सांडत केलं. एकशेचाळिसाव्या पानावरचा वरणाचा डाग त्याचा.

चौदाव्या दिवशी तो दुकानात आला, हातमोज्यांशिवाय. रेहानानं शेवटचं पान उघडलं. कोपऱ्यात नवं अक्षर होतं. ती अक्षर लावून लावून वाचते, म्हणून मलाही नीट ऐकू आलं: 'मी... कुलूप... लावणार... होतो.'

"अक्षर बरं आहे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी पेन्सिलीला टोक करून आणा."

तर मित्रांनो, बाकीच्या वस्तू अशा वेळी डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. जपून जपून माझ्या चारशे नव्व्याण्णव बहिणी गेल्या. मला न्या, वरण सांडा, माझ्याशी भांडा, आणि पंधराव्या दिवशी मुकाट्यानं परत आणा. फळीवर मीच आहे हे लगेच कळेल. नावाचा पुठ्ठा उघडलात आणि शेवट निघाला, की समजा, बरोबर पुस्तक हातात आलं.