तिरकी गाठ

आबा, माझा बाप, गेला त्याच्या आदल्या दिवशी शनिवार होता. मी अंधेरीच्या ज्या शाळेत चित्रकला शिकवते ती शनिवारी अर्धाच दिवस असते, म्हणून दुपारी मी घरी, वेसाव्यात होते. आयने बोंबलाचं कालवण केलं होतं. आबाने त्यातला एक बोंबील माझ्या ताटात टाकला. मी तो परत त्याच्या ताटात टाकला. आय म्हणाली, "तुमचा खेल झाला का सांगा. तो मी खाते."

जेवण झाल्यावर आबा ओट्यावर बसला. मी बाजूला बसून मुलांच्या चित्रांना गुण देत होते.

"काय गो यांनी काढलंय?"

"माठ."

"सगल्यांनी माठच?"

"परीक्षेला माठच येतो, आबा."

"मंग येकालाच काढाया सांगायचा. बाकीच्यांनी खेलायला जायाचं."

मी हसले. तोही हसला. मग जरा वेळाने, काही विशेष नसल्यासारखं, तो म्हणाला, "जये, बाजारात गेलीस तर जाल्याचं सनाचं सूत गावते का बग. जरासंच."

"कशाला?"

"विनीन म्हनतो. हातभर. तुज्या चित्राला."

आठ वर्षांत त्याने जाळ्याची सुई हातात धरली नव्हती. हे माझ्या लक्षात आलं नाही असं मी म्हणणार नाही. लक्षात आलं, आणि तरीही मी मान वर न करता म्हणाले, "राहू दे आबा. तसलं काम आता कोणी करत नाही."

"नाय करत?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ओट्यावर बसून त्याने चहा मागितला. आय कप घेऊन बाहेर आली तेव्हा तो भिंतीला टेकला होता. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. माझा भाऊ चंदर समुद्रात होता, तो संध्याकाळच्या भरतीला आला. तोपर्यंत आम्ही आबाला घेऊन थांबलो.

आबाचं नाव रामचंद्र. कोळीवाड्यात जाळी विणणारे खूप होते, पण आबाचं जाळं लांबून ओळखू येई. एकोणसाठ साली होडीच्या दोरात अडकून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यानंतर तो समुद्रात गेला नाही. घरी बसून अंगठा आणि उरलेल्या बोटांत लाकडी सुई धरून विणू लागला. त्या हाताने गाठ सरळ बसत नसे. ती डावीकडे कलायची. सगळं जाळंच मग जरा डावीकडे चालल्यासारखं दिसे. लोक म्हणायचे, "रामचंद्राचं जालं ताडी पेऊन आलंय." आबा म्हणायचा, "मासली मरते ना? मंग जालं काय पेतंय त्याची चवकशी तुला कशाला?"

पासष्ट साली त्याने चंदरसाठी सणाच्या, तागासारख्या सुताचं एक मोठं जाळं विणून पुरं केलं. ऐनाच्या झाडाची साल उकळून त्यात ते रंगवलं. त्याच महिन्यात चंदरने नायलॉनचं जाळं आणलं. नायलॉन कुजत नाही, रंगवावं लागत नाही, वजनाला हलकं. चंदरचं काही चुकलं नाही. सगळेच आणत होते. आबाचं नवं जाळं पाण्याला न लागता आमच्या पडवीत आढ्याला टांगलेलं राहिलं.

मी तेव्हा मुंबईत कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होते. कोळीवाड्यातून तिथे गेलेली मी पहिलीच मुलगी. मी होड्या काढायची, संध्याकाळचं आकाश काढायची, टोपली घेतलेल्या बायका काढायची. आमचे शिवदास सर एकदा माझ्या चित्रापुढे उभे राहून म्हणाले, "जयाबाई, हे फार सुरेख आहे. किराणावाले दिवाळीला गिऱ्हाइकांना कॅलेंडर वाटतात ना, ते हेच."

कागद मी घरी ठेवायची. घरात वरती सुकी मासळी असायची, वास कागदात उतरे. पार्ल्याची कुंदा माझ्या वर्गात होती, मनाने वाईट नव्हती. तिने एकदा माझं चित्र नाकाजवळ नेलं आणि म्हणाली, "ए जया, तुला सही करायची गरजच नाही ना!" सगळे हसले. मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून मी कागद महाविद्यालयातच ठेवायला लागले. केस दोनदा धुवायला लागले. ळ आणि ण नीट उच्चारायला मी त्याआधीच शिकले होते.

त्या हिवाळ्यात एका गॅलरीत परदेशी चित्रकारांचं प्रदर्शन लागलं होतं. शिवदास सरांनी सगळ्यांना नेलं. आत गेल्यावर समोरच एक फळी होती. तिच्यावर फाटकं पोतं ताणून बसवलेलं, जागोजागी शिवलेलं, वर डांबराचा जाड हात. बाकीची मुलं पुढे गेली. मी तिथेच उभी राहिले. आमच्या घरात डांबर होतं. पोती होती. दाभण होता. होडीच्या तळाला डांबर लावताना त्याच्यावर पडणारा उजेड मी लहानपणापासून पाहत होते, आणि चित्र काढायला बसले की ते सगळं बाजूला सारून दुकानातून आणलेला निळा रंग पिळत होते. मी त्या आठवड्यात तीनदा ते प्रदर्शन पाहिलं. शेवटच्या दिवशी तिथला रखवालदार म्हणाला, "आज पण पोतंच बघणार का?"

घरी येऊन मी आबाला म्हणाले, "मला ते जाळं हवं. थोडंसं."

"कशाला?"

"छापायला." आणि मी त्याला समजावून सांगितलं, फळीवर जाळं चिकटवायचं, त्याच्यावर शाई लावायची, कागद ठेवून यंत्रातून दाबून काढायचं.

"मंग मासली नको लागाया त्यात?"

"नको."

"सोपं हाय तुजं," तो म्हणाला. मी कात्री घेऊन आले तेव्हा मात्र तो ओरडला. जाळं कात्रीने कापत नाहीत. कापलं की कडेपासून सुटत जातं. त्याने जाळं खाली उतरवलं, मला हवं तेवढं मापून घेतलं, आणि कडेची एकेक गाठ सोडवून, मोकळं सूत परत आत वळवून बांधत गेला. त्या तीन बोटांनी. दोन संध्याकाळ गेल्या. मी समोर बसून पाहत होते. तुकडा सुटा झाला तेव्हा त्याने तो ओढून बघितला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "घे. तुजंच हाय."

मी जाळं सरसाने फळीवर बसवलं, लाखेचे दोन हात दिले, काळी शाई रुळाने लावली. पहिले सहा कागद फुकट गेले. सातवा यंत्रातून उचलला आणि उजेडात धरला. कागदावर ते जाळं होतं आणि नव्हतंही. हजारो गाठी उमटल्या होत्या, प्रत्येक कललेली, आणि त्या कलण्यामुळे सगळा कागद ओहोटीच्या पाण्यासारखा एका बाजूला ओढत होता. मी तसं काही कधी केलं नव्हतं. पुढेही केलं नाही.

शिवदास सरांनी कागद खिडकीशी नेऊन बघितला. मग त्यांनी सगळ्यांना बोलावलं. "ही रेषा बघा. कलते, सावरते, पुन्हा कलते. हे ठरवून करता येत नाही." कुंदासुद्धा वाकून बघत होती. मग सर माझ्याकडे वळले. "हे जाळं कुठून आणलंस?"

मी म्हणाले, "किनाऱ्यावर सापडलं, सर. टाकून दिलेलं."

हे तोंडातून आलं तेव्हा मला वाटलं, वासाची लाज वाटली म्हणून आलं. पुढे पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच कारण देत होते. ते पूर्ण खरं नाही. सर ज्या रेषेचं कौतुक करत होते ती माझी नव्हती. जाळं माझ्या बापाने विणलं हे सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न साहजिक होता, मग यात तू काय केलंस? टाकलेली वस्तू उचलली तर निदान नजर माझी ठरते.

ते चित्र राज्याच्या प्रदर्शनात गेलं. त्याला विद्यार्थी विभागातलं बक्षीस मिळालं. खाली मराठीत पाटी होती. माझं नाव, आणि त्याखाली: किनाऱ्यावर सापडलेल्या टाकाऊ जाळ्याचा छाप. मी घरी फक्त बक्षिसाचं सांगितलं होतं. एका सकाळी मी दालनात उभी असताना दारातून चंदर आणि आबा आत आले. आबाने पांढरा सदरा घातला होता, केसांना तेल लावलं होतं.

आबा चौथीपर्यंत शिकला होता. तो आधी चित्राकडे गेला. नाक टेकेल इतका जवळ. वरच्या कोपऱ्यापासून बघत खाली आला, कडेच्या गाठी बघितल्या, ज्या त्याने दोन संध्याकाळ बसून बांधल्या होत्या. त्याचा चेहरा उजळला. मग त्याने पाटीवर बोट ठेवलं आणि अक्षरं जुळवत वाचायला लागला, मोठ्याने, त्याला मनात वाचता येत नसे म्हणून. "कि-ना-ऱ्या-वर." मी पुढे व्हायला हवं होतं. "सा-पड-ले-ल्या." चंदर माझ्याकडे बघत होता. "टा-का-ऊ."

आबा थांबला. त्याने ते पुन्हा वाचलं, या वेळी आवाज न करता, ओठ हलवत. मग पाटीवरचा हात काढून सदऱ्याच्या खिशात घातला. उजवा हात. दालनातून बाहेर पडेपर्यंत तो त्याने खिशातून काढला नाही.

"झकास केलंस," तो मला म्हणाला.

घरी परत जाताना तो त्या दालनातल्या पंख्यांबद्दल बोलला, केवढे मोठे पंखे, आणि एवढ्या वर कसे चढवले असतील. चंदर मात्र घरी आल्यावर पडवीत मला म्हणाला, "टाकाऊ काय गो? लाज हाय का तुला?" मी म्हणाले, "ती कलेतली पद्धत असते, तुला नाही कळणार." आबा आत होता. त्याला ऐकू गेलंच.

त्यानंतर त्याने सुई हातात घेतली नाही. डोळे गेले म्हणायचा. पण तांदळातला खडा त्याला आयच्या आधी दिसायचा.

उरलेलं जाळं आबाकडे मागायला मला तोंड नव्हतं, म्हणून मी नायलॉनच्या जाळ्याचा छाप काढून बघितला. सगळ्या गाठी यंत्राच्या, एकसारख्या; कागदावर ते खिडकीच्या जाळीसारखं दिसलं. मग पोतं केलं, डांबर केलं, माशाचे खवले चिकटवून बघितले. शिवदास सर दर वेळी थोडा वेळ बघत आणि पुढच्या टेबलाकडे जात. एकदा म्हणाले, "ते जाळं परत सापडतं का बघ." मी पदविका घेतली, मग शिक्षिकेची नोकरी घेतली. प्रदर्शनं बघायला अजून जाते. पूर्वी बघून परतताना हात शिवशिवायचे. आता बसथांब्यापर्यंत येताना काय बघितलं ते आठवावं लागतं.

दहाव्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर गेलो. भटजींनी भाताचा पिंड मांडला आणि सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळे पुष्कळ होते. वीस पावलांवर बोंबील वाळत घातले होते, त्या दोऱ्यांवर रांगेने बसले होते. एकही खाली आला नाही.

"आमचे कावळे बोंबलावर पोसलेले," कोणी तरी म्हणालं. "भात कशाला खातील?" दोघंतिघं हसली. आबा असता तर तोही हसला असता.

अर्धा तास गेला. भटजी म्हणाले, "त्यांची काही इच्छा राहिली असेल. घरच्यांनी बोलून दाखवा, पुरी करू म्हणून." चंदर पुढे झाला. "आबा, आयला कदी काय कमी पडू देनार नाय." कावळे हलले नाहीत. आय पुढे झाली. तिने पदर सावरला. "सूत मागत व्हतास ना? आनून देईन रं. खा आता." एक कावळा मान वाकडी करून बघत होता. मग उडून बोंबलाच्या दुसऱ्या दोरीवर बसला.

भटजी माझ्याकडे बघायला लागले. चंदरही. मी वाळूकडे बघत राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला, झालं म्हणाले. त्यांना पुढे मालाडला जायचं होतं. माणसं अंघोळीला निघाली. आयला बायकांनी धरून नेलं. चंदर मागे वळून "चल," म्हणाला. मी आले नाही तेव्हा तोही गेला.

पाणी बरंच आत गेलं होतं. पिंडावर माशा बसायला लागल्या. मी खाली बसले. दर्भाच्या कावळ्याने विधी पुरा झाला होता, त्यामुळे आता काही बोलून कोणाला सोडवायचं राहिलं नव्हतं. दोरीवरच्या कावळ्यांपलीकडे ऐकणारं कोणी नव्हतं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, कारण कित्येक वर्षांत मी घरची बोली बोलले नव्हते.

"आबा," मी म्हणाले, "तं जालं मना दर्यावर गावलं नव्हतं. कोनी टाकलं नव्हतं. तं तू विनलेलंस, तुज्या हातानं. गाठ तुजी. चित्र पन तुजंच."