डेटनहून आलेलं मशीन

...मशीनच्या पितळी पट्टीवरचं तेल पुसताना तिचं बोट आजही खालच्या ओरखड्यांवर थांबलं. आर. एम., १९७४. वरचं ठसठशीत ‘डेटन, ओहायो’ कंपनीचं. खालचं कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं. अनसूयेनं या आर. एम.ला केव्हाच रखमाजी करून टाकलं होतं. अमेरिकेतला असला म्हणून काय झालं, याच मशीनपाशी आठ-आठ तास उभं राहून पाय त्याचेही सुजलेच असतील...

डेटनची हकिगत तिच्या लेकीनं, चैतालीनं, गेल्या आठवड्यात मोबाइलवरून वाचून दाखवली. नद्यांच्या काठचं शहर. एकोणीसशे तेराला महापूर, माणसं छपरांवर. पुढं त्याच माणसांनी पैसे गोळा करून धरणं बांधली — आपल्याकडं धरणासाठी माणसं उठवतात, हे तिच्या मनात येऊन गेलंच — मग कारखानेच कारखाने, आणि मग एकेक बंद. घरं ओस. त्यातलंच हे मशीन जुन्या बाजारातून टाकव्याच्या या कारखान्यात आलं. रखमाजी कुठं गेला, ते मात्र मोबाइलमध्ये नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत तिला ऑफिसात बोलावलं. कंपनीला शेड वाढवायची होती, त्यासाठी कारखान्यामागचं तिचं पाच गुंठ्यांचं भातखाचर हवं होतं. घरचं शेवटचं. सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर तिचंही नाव. नवऱ्यानं, श्रीपतीनं, आपली सही करून पेन तिच्यापुढं सरकवलं. भाव बरा होता. वर चैतालीला नोकरी, तीही कायमची, असं साहेब म्हणत होते. नाही म्हणायला कारण नव्हतं. मग मी का अडलेय?

कायमची... रखमाजीही कायमचाच असणार. चार दिवसांचा पाहुणा मशीनवर नाव कशाला कोरेल?

“साहेब, त्या डेटनची मानसं आता काय करत्यात?”

“कुठलं डेटन?” साहेबांनी कागदावरून मान वर केली.

श्रीपती कसनुसं हसला. “आगं, तुला काय करायचंय त्येंचं? सही कर. जेवायचं ऱ्हायलंय समद्यांचं.”

तिनं पेन उचललं. टोपण काढलं, पुन्हा लावलं. राग आला नव्हता, भीतीही नव्हती; त्या दोन्हींची तिला सवय होती, हे काहीतरी निराळंच होतं. लग्न ठरलं तेव्हा, पहिली शेतं विकली तेव्हा, तिला नुसतं कळवलं होतं. आज पहिल्यांदा तिच्या एका होकारासाठी दोन पुरुष उपाशी बसले होते — साहेब घड्याळाकडं बघत, श्रीपती तिच्या हाताकडं — आणि तिला, काय सांगावं, अजिबात घाई वाटेना.