अर्जातला खोडलेला शब्द

"मढं माघारी न्या! येगळं गाव पायजे होतं न्हाई का तुमाला? मग तुमचं जाळणं तुमच्या हद्दीत!"

थोरल्या गावच्या धर्मसिंगाने स्मशानाकडे जाणाऱ्या ओढ्याच्या उतारावर ट्रॅक्टर आडवा लावला होता. समोर तिरडी, तिरडीवर जळबाची बायको जनकाबाई.

जळबा कोणत्या तोंडाने बोलणार? थोरल्या गावापासून फुटून वाडीची स्वतंत्र ग्रामपंचायत व्हावी म्हणून अकरा वर्षं त्यानेच हिंगोलीच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. अर्जात शाळा मागितली, रेशन दुकान मागितलं, पाण्याची टाकी मागितली. जवळा बाजारात अर्ज लिहून देणाऱ्या कादरने 'मसणवटा' हाही शब्द घातला होता. "शुभकामात अभद्र काहून?" म्हणत जळबानेच तो खोडायला लावला. आता कपाळ बडवून घ्यावं असं त्याला झालं.

तिरडी वाडीच्या वेशीवर आणून टेकवली. सरपंच सुनिता आली, तिच्यामागून उपसरपंच संतराम. वाडीची पंचायत झाल्यापासूनच्या दोन वर्षांत दोघांनी एकमेकांवर चिखल उडवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. मसणवट्याचा ठराव तीनदा मांडला, तीनदा बारगळला.

"सरकारी माळावर जाळू," सुनिता म्हणाली.

"माझ्या गोठ्याला लागून? प्रेत सोडा, काडी जाळू देणार न्हाई."

"मग तुमच्या आळीकडं जागा दाखवा."

"आधी खुर्ची सोडा, मग दाखवतो!"

मेलेल्या बाईच्या उशाशी हे चाललं होतं. वाटणीत लाज तेवढी थोरल्या गावाकडे राहिली असावी.

परवाच नात प्रतिक्षा बी.ए.च्या परीक्षेचं मोठ्याने पाठ करत होती. नवस्वतंत्र देशांत उलथापालथ का होते? हद्दी धड आखलेल्या नसतात, जुना मालक अडवणूक करतो, नवे पुढारी सत्तेसाठी भांडतात. खाटेवरून जनकाबाई खुदकन हसली होती. "बाई, हे तर आपल्या वाडीचंच छापलंय की!"

ऊन कललं. जळबा उठला.

"उचला. माझ्या जागंत नेऊ."

रस्त्याकडेची दोन गुंठे जमीन त्याने पंचायतीच्या कार्यालयासाठी सोडली होती. कार्यालय कोणाच्या आळीत, या वादात तिथे वीटसुद्धा पडली नव्हती. दोन लाकडी खांबांवर पत्र्याची पाटी तेवढी उभी होती.

"अहो, तिथं हापिस व्हायचंय!" सुनिता आणि संतराम दोन वर्षांत पहिल्यांदाच एका सुरात ओरडले.

"दोन वर्सं तुमी बसला न्हाईत तिथं," जळबाचा आवाज फाटला. "आता माझी जनका बसंल. अविश्वास ठराव आणा तिच्यावर!"

लाकडं कमी पडली तेव्हा जळबाने पाटीचे खांब उपटून सरणावर ठेवले. पत्रा धोतराच्या सोग्याने पुसला आणि कोरी बाजू वर करून प्रतिक्षापुढे धरला.

"लिही, लेकरा. ठळक लिही. मसणवटा."

रडत रडत ती कोळशाने लिहू लागली. शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत जळबाने काडी ओढली नाही.