उदाजीची जागा

माघातली सकाळ. धुक्याची शुभ्र दुलई अंगावर ओढून रंकाळा अजून निजलेला. पलीकडच्या मळ्यांतून गुऱ्हाळांचा निळसर धूर उठतो आहे, वाऱ्याला उकळत्या काकवीचा मधुर, मंद गंध आहे. पूर्वेला आधी केशर, मग कुंकू, मग वितळलेलं सोनं. आणि त्या सोन्यात, तळ्याकाठच्या तांबड्या मैदानावर, एकटा चेंडू धावतो आहे. चेंडूमागे उदाजी धावतो आहे.

मंदाच्या बालपणातली प्रत्येक सकाळ अशी उजाडायची.

उदाजी साळोखे. बावीस वर्षांचा, सावळा, वेताच्या छडीसारखा लवचिक. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा डाव्या बगलेचा खेळाडू. सकाळी मैदान, दिवसभर गोठा, आणि दिवेलागणीला आई गोदाक्काबरोबर म्हशी घेऊन तो चौकातल्या कट्ट्यावर यायचा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायचा. फेसाळ, ऊन, चंद्रधवल दूध पेल्यात उतरायचं. ज्या पायांनी सामन्याच्या दुपारी सारं मैदान हलवलं, तेच पाय म्हशीखाली उकिडवे, निमूट.

पण मैदानात! चेंडू त्याच्या डाव्या पायाशी आला की जणू वाराच वळण घेई. एक हुलकावणी, दुसरी हुलकावणी. समोरचा बचावपटू मातीत बसलेला, आणि उदाजी विजेच्या रेघेसारखा पुढे, पुढे, आणखी पुढे. पेठेच्या हलग्या कडाडत. म्हातारे फेटे उडवत.

पोरींना मात्र मैदानात मज्जाव. मंदा आणि तिच्या मैत्रिणी मैदानाच्या दगडी भिंतीवर ओळीनं बसत. उन्हानं तापलेली भिंत मांड्यांना चटके देई, तरी एकही हलत नसे.

एकदा कट्ट्यावर दुधाचा पेला हातात घेऊन मंदानं विचारलं होतं, "उदादा, एवढं पळतोस, दम न्हाई लागत?"

"लागतोय की," तो हसला. "दम लागला की मग माझा खेळ सुरू हुतोय."

आज मंदाच्या केसांत चांदी उतरली आहे. आजही कुणी उदाजीचं नाव काढून 'बिचारा' म्हटलं, की ती ताडकन उठते. "बिचारा म्हणू नका. तुम्ही त्याला बघितलं न्हाई. आम्ही बघितलाय."

फाल्गुन आला. पळस पेटले, सावरी फुलल्या, आणि पेठेत कावीळ शिरली. सोन्यात न्हाणाऱ्या उदाजीच्या डोळ्यांत हळद उतरली, मग नखांत, मग साऱ्या कांतीत. मंदाच्या आईनं उसाचा रस पाठवला. मंदानं तो उंबऱ्याशी ठेवला आणि आत डोकावली. अंथरुणावर तो पडला होता, निश्चल. चादरीखाली फक्त डावं पाऊल हलत होतं, कशाला तरी हलकेच ढकलत होतं.

मग त्याला दवाखान्यात नेलं; तिथून तो परतला नाही. अंतिम सामना चार दिवसांवर होता.

तालमीत माणसं जमली. अखेर वस्ताद दिनकरराव घसा खाकरून म्हणाले, "फायनल सोडायची न्हाई. पण उदाजीची जागा रिकामी ठिवूया. दहा गडी खेळतील."

माना हलल्या. डोळे भरले. आणि तेवढ्यात दारात गोदाक्का उभी राहिली. त्या तालमीच्या उंबऱ्याला बाईचं पाऊल तोवर लागलं नव्हतं. रडून रडून तिचे डोळे कोरडे पडले होते, विस्तवासारखे लाल.

"रिकामी?" ती म्हणाली. "माझ्या घरात एक जागा रिकामी झालीया, तेवढी बास. मैदानात आणि कशाला? अकरा जणं उतरवा."

राखीव गड्यांत निवास इंगवले होता. उदाजीहून सहा वर्षांनी मोठा. सारी उमेद बाकावर बसून गेलेली. तो मागं सरला. "आक्का, त्याची जागा माझ्यानं न्हाई भरायची."

गोदाक्कानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "त्याच्यागत खेळू नगंस. तुझ्यागत खेळ. पर खेळ."

सामन्याच्या दिवशी ऊन पितळेसारखं तापलं होतं. दोन पेठा, दोन जनसागर. गोदाक्का चालत आली, पांढरं लुगडं, ताठ मान. गर्दी आपोआप दुभंगली. मैदानाच्या रेषेशी ती थांबली, आणि तिची नजर वर गेली.

"ए पोरींनो! भिंतीवर का बसलाईसा? खाली या. हितनं बगा."

"आक्का, पोरींना हितं..." मंदाचा मामा पुढं झाला.

"सरक बाजूला."

तो सरकला. एकेक पोर उतरली. मंदा उतरली. आयुष्यात प्रथमच ती तांबडी माती तिच्या अनवाणी तळव्यांना लागली, ऊन, मऊ, जिवंत.

निवास खेळला. त्याच्यापाशी वीज नव्हती, वाऱ्याचं वळण नव्हतं. बैलाची चिवट, घामेजली झुंज होती. पडला, उठला. गुडघा फुटला, रक्त पुसलं, पुन्हा धावला. शेवटच्या क्षणी त्यानं मारलेला चेंडू आडव्या खांबावर थडकला, थरथरला, आणि बाहेर गेला. शिट्टी वाजली. एका गोलानं पेठ हरली.

झेंडे खाली आले. हलगीवाल्या सुबानाचे हात गळ्यातल्या हलगीवर तसेच पडून राहिले. गोदाक्का त्याच्याकडे वळली.

"वाजीव."

"आक्का... हरलोय आपण."

"हरलोय," ती म्हणाली. "मेलो न्हाई. वाजीव!"

आणि हलगी कडाडली. एक, मग दुसरी, मग दहा. जिंकलेल्या पेठेच्या हलग्या क्षणभर थबकल्या, आणि त्यांनीही तोच ठेका उचलला. निवासला कुणीतरी खांद्यावर घेतलं. म्हातारे नाचले. रडता रडता नाचले. मंदा नाचली, पोरी नाचल्या, आणि मधोमध पांढऱ्या लुगड्यातली ती माउली, न हलता, न वाकता, टाळ्या वाजवत उभी, काळाच्या तोंडावर टाळ्या वाजवत उभी. पायांपायांतून तांबडी धूळ उठली. लुगडं रंगलं, चेहरे रंगले, मावळता सूर्य रंगला. धूळ तळ्यावर गेली, धूळ आभाळात गेली, आणि कितीतरी वेळ, कितीतरी वेळ, खाली बसेना.