काळी झाले, पण सुटी झाले

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. होते म्हणा. मित्रांनो, नाक मुरडू नका. मी कधी माणसावर रोखली गेले नाही. बारवी धरणाजवळच्या पाड्यावर चांगोकाकाच्या भाताची राखण केली, एवढाच माझा पराक्रम. मी नुसती कडाडले तरी रानडुकरं पळायची. पाड्यावर बंदूक अशी मी एकटीच, त्यामुळे थोडी मिजासही होती. खोटं कशाला बोलू?

पुढे काकाचे डोळे अधू झाले, माझं तेलपाणी सुटलं आणि मी गंजले. परवान्याच्या नूतनीकरणाला साहेब म्हणाले, "गंज काढून आणा, नाहीतर बंदूक जमा करा."

काकाने मला मोरिवलीला नरेंद्र उस्तादांच्या बंदूक-दुरुस्तीच्या कारखान्यात आणलं. उस्ताद आजारी होते. त्यांच्या हाताखाली महिनाभरापासून शिकणारा महेंद्र तेवढा होता. त्याआधी पंधरा वर्षं तो कंपनीत नट-बोल्ट काळे करायचा. उकळत्या क्षारांच्या टाकीत लोखंड बुडवलं की निळसर काळा थर चढतो, मग लवकर गंजत नाही. उस्तादांनी त्याला बजावलं होतं, "जुनी दुनळी मला दाखवल्याशिवाय टाकीत टाकू नकोस."

"बाबा, भात पोटरीला आलंय. डुकरं समदं खातील," काका काकुळतीला आला.

"टेन्शन नको, काका. नट-बोल्ट काय नि नळी काय, लोखंडच ना!"

अरे शहाण्या! बोल्ट एकसंध असतो. माझ्या दोन नळ्या कथलाच्या डाखाने जोडलेल्या होत्या. उकळत्या क्षारांनी तो डाखच खाल्ला. मला बांधून टाकीत सोडलेली तार महेंद्रने वर ओढली, तर तिला एकच नळी. दुसरी टाकीच्या तळाशी. दोन्ही कशा काळ्याभोर, चकचकीत झाल्या होत्या! आग लागो त्या रूपाला!

महेंद्रने उस्तादांना फोन केला आणि मग काकाकडे वळला. "काका, चुकलो. विचारायला पाहिजे होतं. ही आता जोडली तरी भरवशाची नाही."

"एका नळीनं तरी उडंल का रं?"

"नाही, काका."

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवं रूप द्यायच्या आधी ती कशाने जोडली आहे, ते जाणत्याला विचारा. माझ्यासाठी आता विचारून उपयोग नाही.

काकाने कोपऱ्यातला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा मागून घेतला, काठीने एकदा वाजवून पाहिला आणि तो भाताकडे निघाला.