दारावरचे नऊ हजार

मित्रांनो, मी एक जुना टँकर आहे. विमानांना इंधन पाजणे हे माझे काम होते. बल्गेरियातल्या एका लहानशा विमानतळामागे, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात मी आता गंजत उभा आहे. आपले मोठेपण सांगायला सगळ्यांनाच आवडते. मला मात्र माझी लाज सांगायची आहे.

कारखान्यातून आलो तेव्हा मी पिवळाधमक होतो. किती लिटर इंधन गेले ते दाखवणारा काटा माझ्या कुशीला होता आणि तो कधी चुकत नसे. "आमचा टँकर म्हणजे सोनं आहे सोनं!" असे रांगेलकाका सगळ्यांना सांगत. सव्वीस वर्षे ते मला चालवत होते. त्यांचे बोलणे ऐकून मी फुशारून जाई.

आमची एक रीत होती. वैमानिक इंधन किलोत मागतात, कारण त्यांना वजनाशी काम. माझा काटा मोजतो लिटर. एक लिटर इंधन भरते जेमतेम आठशे ग्रॅम. म्हणून काका आधी हिशेब करत आणि मग लिटरचा आकडा खडूने माझ्या दारावर लिहीत. दारावरचा आकडा लिटरचाच, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे पुढे 'लिटर' लिहायची तसदी कुणी घेत नसे.

त्या नोव्हेंबरात देवदूतांचा सण आला. रांगेल हे नावही देवदूताचेच, म्हणून तो काकांच्या नावाचा दिवस. आमच्याकडे त्याचे कौतुक वाढदिवसाहून जास्त. बोलावणे लागत नाही. जो येईल त्याचे तोंड गोड करायचे. त्या सकाळी कॅप्टनने नऊ हजार किलो इंधन मागितले. विसरायला नको म्हणून काकांनी माझ्या दारावर ९००० लिहिले. खाली हिशेब मांडणार, तोच मेकॅनिक मंडळी येऊन धडकली.

"काका, नुसत्या चॉकलेटवर कटवता होय? राकियाची बाटली कुठाय?"

"कामावर राकिया? संध्याकाळी घरी या मेल्यांनो, बायकोनं चीजची बनित्सा भाजलीय!"

तेवढ्यात काकांच्या हाताखाली काम करणारी देनित्सा आली. "काका, साहेब वाट बघतायत तुमची. जा तुम्ही, विमान मी भरते."

"आकडा दारावर आहे बघ," असे म्हणत काका मिठाईचा डबा घेऊन निघाले.

देनित्साने रीतीप्रमाणे नऊ हजार लिटर भरले. हवे होते सव्वाअकरा हजार. तिने चिठ्ठीवर ९००० लिहिले. तिथे 'लिटर' असे बारीक छापलेले होते, पण कॅप्टनने आपला आकडा पाहिला आणि सही केली. विमानाचा इंधनकाटा दोन दिवस बिघडलेला होता. अशा वेळी पंखाखालची मोजपट्टी ओढून पाहायची असते. वारा बोचरा होता, आकडा जुळला होता. कुणीच पाहिले नाही.

दुपारी बातमी आली. उतरता उतरता एक इंजिन बंद पडले, मग दुसरे. विमान धावपट्टीवरून घसरून शेतात गेले. आत एकशे बारा माणसे होती. दैव बलवत्तर म्हणून सगळी वाचली. एका आजीबाईंचे मनगट मोडले, पुष्कळांना खरचटले.

काका धावत माझ्याकडे आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इकडे तिकडे पाहून त्यांनी बाहीने दारावरचा आकडा पुसून टाकला. आणि मित्रांनो, मला बरे वाटले! आता माझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही, असे मला वाटले. ही माझी खरी लाज.

सगळे बालंट देनित्सावर आले. तिला कामावरून बाजूला केले. ती माझ्या पायरीवर बसून रडली. "काका, तुम्ही किलो लिहिले होते की लिटर?"

"आठवत नाही गं," काका जमिनीकडे पाहत म्हणाले.

चौथ्या दिवशी चौकशीचे अधिकारी आले. देनित्साला माझ्यासमोर उभे करून ते म्हणाले, "एवढा साधा गुणाकार-भागाकार येत नाही तुम्हाला?" काका मागे उभे होते. ते पुढे आले, खिशातून खडू काढला आणि माझ्या दारावर ९००० लिहिले.

"हा मी लिहिला होता, साहेब. किलो होते. आणि पुसलाही मीच. पोरीला सोडा."

देनित्साने डोळे पुसले. "मीही विचारलं नाही, साहेब. तेवढी चूक माझी."

काकांची नोकरी गेली. देनित्सा परत कामावर आली. मला मात्र इथे आणून उभे केले आहे. नवी माणसे कामावर आली की देनित्सा त्यांना माझ्यापाशी आणते आणि सगळे सांगते. काकांचे नाव मात्र ती घेत नाही.

मित्रांनो, उत्तरापुढे किलो की लिटर ते लिहिले नाही, म्हणून बाई अर्धा गुण कापतात, तेव्हा रुसू नका. आकडा ओळखीचा वाटला तरी 'कशाचा?' असे विचारा. आणि चूक झालीच, तर ती बाहीने पुसू नका. पुसलेली चूक नाहीशी होत नाही, ती दुसऱ्याच्या माथी बसते. देनित्सा पायरीवर रडत होती, तेव्हा माझे दार स्वच्छ होते.